शहाणा तीळ, उनाड तीळ

बापट डॉक्टर सांगलीत आमच्या शेजारी राहायचे, पण त्यांनी मला कधी चेहऱ्यावरून ओळखलं असेल असं वाटत नाही. माझ्या डाव्या कानामागे तीळ आहे. रस्त्यात भेटले की ते आधी मागच्या बाजूला येत, तीळ बघत आणि मग म्हणत, "हां, मास्तर होय!"

माणसाच्या अंगावर त्यांना तिळाखेरीज काही दिसतच नसे. एकदा भर बाजारात त्यांनी शिराळ्याच्या एका पेन्शनर सुभेदाराची मान धरली.

"हा वाढतोय का?"

"आवं, जल्मापास्नं हाय त्यो."

"खाजतो? रंग बदलला?"

"पलटणीत बी कवा कुणी इचारलं न्हाई. मान सोडा की, डाक्तरसायब."

मान सुटली, पण तीळ शहाणा असल्याची खात्री पटल्यावरच.

शहाणा आणि उनाड हे त्यांचे शब्द. 'कर्करोग' त्यांच्या तोंडी कधी आला नाही. माडीवर खिडकीशी त्यांचा सूक्ष्मदर्शक होता. त्याचा आरसा उजेडाकडे वळवून ते इस्पितळातून आलेल्या तिळांचे पातळ काप काचेवर तपासत. आभाळ भरून आलं की त्यांचा स्वभावही बिघडे. कोणी विचारलं तर सांगत, "कातडीत खाली उतरताना पेशी लहान होत गेल्या, तर तीळ शहाणा. खाली जाऊनही तितक्याच दांडग्या राहिल्या, तर उनाड." आम्ही गल्लीतले लोक यावर पोट धरून हसायचो.

मग आमच्या कमलच्या नडगीवर लालसर तीळ उगवला आणि बघता बघता फुगला. ती आठ वर्षांची. सर्जननं तो काढून बापटांकडे पाठवला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "वाईट निघाला तर पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल." माझं हसणं तिथंच संपलं.

डॉक्टर दिवसच्या दिवस त्या काचेवर वाकलेले. मी जिन्यातून विचारायचो, ते म्हणायचे, "बघतोय." शेवटी काच रुमालात गुंडाळून ते साताऱ्याला आपल्या गुरूंकडे गेले. गुरूंनी नजर टाकताच सांगितलं, पाय काढा.

"आणि तुमचं काय म्हणणं?" ते परतताच मी विचारलं.

"पेशी दांडग्या आहेत, मास्तर. खोटं कशाला सांगू? पण उतरताना लहान होतायत. पाय ठेवू या. मी रोज येऊन बघीन."

आणि खरंच रोज संध्याकाळी यायला लागले. पुढ्यातला चहा निवून जाई. ते व्रण बघत, आजूबाजूला चाचपत आणि जाताना अंगणातल्या पोरींना दम भरत, "लंगडी बंद! दोन्ही पाय टेका." गल्लीला त्याची मोठी मौज वाटे. मला मात्र कारण ठाऊक होतं: एका पायावरची पोर त्यांना बघवत नसे.

एकदा मी त्यांच्याकडे गेलो, तर ते खिडकीशी कमलचीच काच लावून बसले होते. निकाल देऊन वर्ष उलटलं होतं.

"लहानच होतायत ना, ते बघत होतो," ते ओशाळून म्हणाले.

काचेवरच्या पेशी बदलत नसतात, एवढं मलाही कळतं. मी माझी भीती निदान बायकोपाशी बोलायचो. त्या घरात दुसरं माणूस नव्हतं. मला त्यांची फार कीव आली, आणि मायाही वाटली.

कमलचे दोन-तीन परकर आखूड झाले. एका संध्याकाळी व्रण बघून डॉक्टर चहा गरम असतानाच प्यायले आणि अंगणात जाऊन म्हणाले, "कमल, लंगडी घाल."

पोर बावरली. "कुठल्या पायावर, काका?"

"त्याच."

तिनं अंगणभर लंगडी घातली. डॉक्टर पायाकडे बघत नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे वळून मला समोरून नीट न्याहाळलं.

"मास्तर," ते म्हणाले, "हिचं नाक तुमच्या वळणावर गेलंय हो."