हात लावला, खेळा

सिद्राम अप्पा चाल खेळण्याआधी आपल्या सगळ्या मोहऱ्यांची खुशाली विचारत. एकेकाच्या डोक्यावर बोट टेकवायचं आणि हळूच म्हणायचं, "बरा हाईस न्हवं गा?" घोड्याला, उंटाला, अगदी कोपऱ्यातल्या प्याद्यालासुद्धा. एवढी विचारपूस झाली की मग चाल. तोवर समोरचा माणूस चहा पिऊन यायचा.

राज्याचं नाव अजून मैसूर होतं, तेव्हाची ही गोष्ट. अप्पा रिटायर पोस्टमन. संतपूरकडच्या खेड्यांतून सायकल हाणण्यात जन्म गेला, मग बीदरला मैलूर भागात एका खोलीत एकटेच राहू लागले. आमच्या बुद्धिबळ क्लबात संध्याकाळी पहिले हजर तेच. मला खेळायला त्यांनीच शिकवलं.

पुढे मी क्लबाचा सेक्रेटरी झालो आणि अंगात शिस्त शिरली. भिंतीवर नियम लावला : ज्या मोहऱ्याला हात लावला तोच खेळायचा. अप्पांना मात्र तो कुणी लागू करत नसे. मीही नाही.

त्या वर्षी क्लबाच्या स्पर्धेत फायनलला मी आणि अप्पाच. ते इस्त्रीचा सदरा घालून आले. कप ठेवायला खोलीत फळीसुद्धा ठोकली होती, आणि हे सगळ्या क्लबाला सांगून झालं होतं.

तासाभरात माझा वजीर गेला. मी हरणार हे मला दिसत होतं. तेवढ्यात अप्पांनी राजाच्या डोक्यावर बोट टेकवलं, "बरा हाईस न्हवं गा?"

"हात लावलात अप्पा. राजाच खेळा." हे मीच म्हणालो.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "व्हय. हात लावलो की," म्हणाले आणि राजा उघड्यावर आणला. माझ्या हत्तीने लगेच मात केली.

कप घेताना टाळ्या फार थोड्या पडल्या. त्याही मला ऐकवेनात. आठ दिवस मी क्लबाकडे फिरकलो नाही.

नवव्या दिवशी अप्पाच पट बगलेत मारून माझ्या घरी आले. मोहरे मांडून झाले आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले.

"चाल मी सांगतो, तू हलीव. ह्या हाताला वळण न्हाई."

"अप्पा, लावा की हात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नको गा. खोलीत दुसरं कोन हाय इचाराया? म्हून सवय लागली." त्यांची नजर कपाटावरच्या कपावर गेली आणि तिथून माझ्यावर आली. "आठ दिस दिसला न्हाईस. तू बरा हाईस न्हवं गा?"

"बरा आहे अप्पा," मी म्हणालो. पटाकडे बघतच.