एसी बंद करून ऐकायची तबकडी

परुळेकरांकडे गाणं ऐकायला जायचं तर टॉवेल घेऊन जावं लागतं.

नॅपकिन पुरत नाही. मी पहिल्यांदा नॅपकिन नेला होता, तो पाचव्या मिनिटाला पिळला. कारण ऑगस्टच्या भर दुपारी, शारजात, अल नहदा भागातल्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर, काचेतून ऊन आत घुसत असताना हा गृहस्थ तबकडीवर सुई ठेवण्याआधी एसी बंद करतो. मग पंखा. मग फ्रिज. मग भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून खिशात टाकतो. एकदा आमच्या मंजिरीला त्यांनी हात जोडून म्हटलं, "वहिनी, राग मानू नका, पण बांगड्या जरा काढून ठेवता का?" मंजिरी बांगड्यांसकट घरी आली ती पुन्हा गेली नाही. तेव्हापासून त्यांच्या मैफलीला श्रोता मी एकटा.

आणि एवढं करून ऐकायचं काय? तर मिनिमल टेक्नो. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे आणि त्या ठोकाठोकीला कुणीतरी कडक शिस्त लावली आहे, असं समजा. ठप ठप ठप ठप. बऱ्याच वेळाने मागे एक 'टिक' सुरू होतं. ते सुरू होण्याआधी परुळेकर तर्जनी वर करतात आणि कुजबुजतात, "थांबा. येतंय." मग ते येतं. परुळेकर डोळे मिटून म्हणतात, "खलास!" आणि मी टॉवेलने मान पुसतो.

पहिल्या दिवशी मला वाटलं, तबकडी अडकली. लहानपणी आमच्याकडे रेकॉर्ड अडकली की जो जवळ असेल त्याने सुई हळूच पुढे ढकलायची, अशी पद्धत होती. मी जवळ होतो. उठलो आणि बोटाने ढकलली. परुळेकरांनी जो आवाज काढला, तो त्या दुपारचा सर्वांत मोठा आवाज होता. तेव्हापासून माझी जागा लांबच्या सोफ्यावर.

"अहो कुलकर्णी, सोलकढीत लसूण दिसते का?" त्यांनी नंतर मला समजावलं. "दिसत नाही. पण नसली तर कळतं की नाही? मिनिमल म्हणजे तेच."

"पण परुळेकर, यात नुसती लसूणच आहे. कढी कुठाय?"

"थांबा. येतंय."

परुळेकर इंडस्ट्रियल एरियातल्या एका अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या कंपनीत परचेस मॅनेजर आहेत. दिवसभर फोनवर "हबीबी, डिलिव्हरी कहाँ है?" असं ओरडायचं आणि घरी येऊन शांतता गोळा करायची. तबकडी धरतात ती दोन तळव्यांत, कडेने, तव्यावरचं घावन मोडू नये अशा बेताने. मखमली ब्रशने पुसतात, फुंकर मारत नाहीत. फुंकरीत थुंकी असते म्हणे. तबकडी मात्र एकच. मधल्या पांढऱ्या कागदावर ना नाव ना गाव. दर रविवारी तीच, तीच बाजू.

ती त्यांच्या मुलीने केलेली आहे.

सानिका. इथेच जन्मली, इथेच वाढली. आई लवकर गेली, घरात बापलेक दोघंच. परुळेकर मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं बरं चाललं होतं. मग तिला हा ठपठपीचा नाद लागला. तिच्या खोलीतून ठपठप सुरू झाली की परुळेकर हॉलमधून कोपऱ्यातली भिंत ठोकायचे. दोनदा, मग जरा दम खाऊन एकदा. म्हणजे, आवाज कमी कर.

आता त्या कोपऱ्याला आमच्याही हॉलची भिंत येऊन मिळते. नव्याने राहायला आलेला मी. मला वाटलं, शेजारी मलाच ठोकतायत. मी मुकाट्याने रिमोट घेऊन टीव्ही कमी करायचो. ही आज्ञा मी दोन वर्षं पाळली. आमच्या घरी बातम्या ओठांच्या हालचालींवरून समजून घेण्याची कला विकसित झाली. शेवटी एकदा लिफ्टमध्ये परुळेकर भेटले, तेव्हा मी नम्रपणे विचारलं, "आता आवाज ठीक आहे ना?"

"कसला आवाज? तुमच्याकडे टीव्ही आहे?"

अशी आमची ओळख झाली.

सानिका पुढे जर्मनीला गेली, ध्वनी की काय ते शिकायला. जाताना विमानतळावर परुळेकर म्हणाले, "पण याला संगीत म्हणतात का गं?" ती म्हणाली, "यू नेव्हर लिसन, बाबा." हे त्यांनीच मला सांगितलं, हसत, पण कपातला चहा बराच वेळ ढवळत.

या रमजानच्या सुमाराला ही तबकडी आली. मागोमाग तिचा फोन. "यात तुमचं काहीतरी आहे बाबा. फाइंड इट." बस, एवढंच. काय आहे ते सांगेना.

तेव्हापासून परुळेकर शोधतायत. आपल्यालाही ऐकायला येतं, हे त्यांना पोरीला दाखवायचंय. आणि ती डिसेंबरात सुट्टीला यायच्या आत. दर रविवारी ऐकायचं आणि फोनवर एक अंदाज सांगायचा. कुकरची शिट्टी? "नो, बाबा." रोल्ला स्टॉपवरच्या बसचा हॉर्न? "नो." त्यांचं घोरणं? "ईऽऽ, नो!"

मीही मदत केली. एकदा भर ठपठपीत मी "वाहवा!" म्हणून ओरडलो. इतकी गोड किणकिण ऐकली होती. परुळेकर उठून बसले. "कुठे? कुठे?" ती बाहेरच्या लिफ्टची घंटी होती. दुसऱ्यांदा मी छातीठोकपणे सांगितलं, हा चहात फिरणारा चमचा आहे. त्यांनी विश्वासाने ते जर्मनीला कळवलं. पोरगी इतकी हसली की तिला फोन ठेवावा लागला. "कुलकर्णी," परुळेकर म्हणाले, "तुमच्यामुळे माझी इज्जत गेली. यापुढे तुम्ही फक्त घाम गाळा."

मग एका रविवारी मी पाप केलं.

तबकडी सुरू झाली. परुळेकर डोळे मिटून बसले. मी "जरा बाथरूम" असं पुटपुटलो आणि सटकलो थेट सानिकाच्या खोलीत. दार लावलं. एसीचा रिमोट शोधला, एसी अगदी हळू लावला आणि तिच्या पलंगावर आडवा झालो. काय सांगू तुम्हाला! स्वर्ग. डोळे मिटले.

भिंतीपलीकडून तबकडी ऐकू येत होती. पण भिंतीतून येताना तिचं ते टिकटिक, खसखस, सगळं गळून पडलं होतं. उरलं होतं फक्त मधूनमधून येणारं एक बोदं, जाडसर ठोकणं. ठक ठक. जरा दम खाऊन, ठक.

आणि माझा अंगठा आपोआप रिमोटवर गेला. आवाज कमी करायला.

बटण दाबलं तेव्हा एसी 'पीं' करून ओरडला आणि मी जागा झालो. कुठला टीव्ही? हातात रिमोट एसीचा, मी लोकांच्या पलंगावर, मग मी आज्ञा कुणाची पाळली?

मी धावत हॉलमध्ये गेलो. "परुळेकर, उठा!"

"शू! येतंय—"

"इथे नाही येत! तुम्ही चुकीच्या खोलीत बसलायत. यल्ला, चला!"

मी त्यांना दंडाला धरून आत नेलं. हॉलमध्ये परत जाऊन तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली, येऊन दार ओढून घेतलं आणि त्यांच्याशेजारी पलंगावर बसलो. एसी चालू होता. त्यांचं लक्षही गेलं नाही.

ठक ठक. ठक.

परुळेकर आधी भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात वर घेऊन स्वतःच्या बोटांची पेरं पाहिली.

"मी इथे बसून कधी ऐकलंच नाही," ते म्हणाले. "मी कायम पलीकडे."

"मी ऐकलंय. दोन वर्षं. टीव्ही कमी करून."

त्यांना हसू फुटलं आणि ते बराच वेळ आवरेना. हसता हसता त्यांनी माझाच टॉवेल ओढून चेहरा पुसला, आणि नको तितका वेळ चेहऱ्यावर धरून ठेवला. मग फोन काढला, सानिकाला लावला, स्पीकरवर टाकला.

"हाय बाबा! सो? धिस वीक काय?"

परुळेकर फोन हातात धरून हॉलमध्ये गेले, कोपऱ्यातल्या भिंतीपाशी उभे राहिले आणि ठोकलं. दोनदा, मग जरा दम खाऊन एकदा.

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात परुळेकरांनी तर्जनी वर केली. "थांबा. येतंय."

आलं. फोनमधून, कुठल्यातरी लाकडी टेबलावर. ठक ठक. ठक.

"इथे कोणी ठोकतच नाही, बाबा," सानिका म्हणाली. चक्क मराठीत.

परुळेकर काही बोलणार, तेवढ्यात भिंतीपलीकडे, आमच्या घरात, मंजिरीने मुकाट्याने टीव्ही कमी केला.