हितसंबंधी मंडळींनी बाहेर बसावे

कंपनीचा कारभार कसा चालवावा, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला तर खुशाल माझ्याकडे या. मी रीतसर शिकलेली आहे! परीक्षा दिली आहे, प्रमाणपत्र मिळवलं आहे, ते चौकटीत बसवलं आहे. सासूबाईंनी ते फ्रिजच्या मागच्या भिंतीवर टांगलंय हा भाग वेगळा, पण टांगलंय.

आमची कंपनी गाद्यांची. कंपनी म्हणजे सासरे, सासूबाई आणि आमचे हे. तिघेही संचालक. मी सून, म्हणून सचिव. म्हणजे ते तिघे खुर्च्यांवर बसून बोलणार आणि मी स्टुलावर बसून लिहिणार. आता बोलणार म्हणजे काय, तर सासरे म्हणणार, "मग असं करू या." हे म्हणणार, "हं." त्यानंतर सासूबाई खोकल्या नाहीत तर ठराव मंजूर, खोकल्या तर विषय पुढच्या सभेवर. वर्षानुवर्षं असाच कारभार चालला होता आणि खरं सांगायचं तर बरा चालला होता.

पण मला ते बघवेना. इतकं शिकून मी खोकल्यांची नोंद ठेवत बसायचं? मला त्या टेबलाशी चौथी खुर्ची हवी होती. संचालकाची. एवढीच माझी इच्छा, आणि ती मी घरात सगळ्यांना, अगदी दूधवाल्यालासुद्धा सांगून ठेवली होती.

संधी आपणहून चालून आली. आमच्या गाद्या घेणाऱ्या एका मोठ्या हॉटेलवाल्यांनी कळवलं की ज्या कंपनीत घरचेच लोक घरच्यांनाच जाब विचारतात, तिथून यापुढे आम्ही माल उचलणार नाही. निदान एक संचालक बाहेरचा हवा आणि सभेला लेखी नियम हवेत. सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही निर्धास्त राहा, हे काम माझं. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवून मला नीट न्याहाळलं.

"सूनबाई, एक सभा नियमाने पार पाडून दाखव," ते म्हणाले. "त्याच सभेत तुझ्या खुर्चीचा विषय घेऊ."

झालं! मी पदर खोचून कामाला लागले.

आधी बाहेरचा माणूस शोधला. शेजारच्या गल्लीत एक निवृत्त गुरांचे डॉक्टर राहतात. त्यांचं आमच्याशी नातं नाही, व्यवहार नाही, उसनवारी नाही. इतकंच काय, त्यांचं गादीशीही नातं नाही. पाठदुखीमुळे ते फळीवर झोपतात. याहून स्वतंत्र संचालक कुठल्या कंपनीला मिळाला असेल असं मला वाटत नाही. मी त्यांना चांगलं पढवलं. म्हटलं, डॉक्टर, आमच्या घरात एकमेकांची भीड फार, म्हणून तर तुम्हाला आणतोय. एकदा निर्णय घेतला की घेतला. कुणी मागे लागलं तरी बधायचं नाही. अगदी मी लागले तरी नाही.

डॉक्टर म्हणाले की म्हैस लाथा झाडते म्हणून त्यांनी कधी सुई अर्ध्यावर थांबवली नव्हती. मला केवढा धीर आला म्हणून सांगू!

मग नियम केला. एकच, पण ठणठणीत. ज्या विषयात ज्याचा हितसंबंध, त्याने तो विषय चालू असताना बाहेर बसावे, आणि नातं हासुद्धा हितसंबंधच धरावा. बाहेर गेलेल्याला त्या विषयात नंतरही ढवळाढवळ करता येणार नाही. आत जे स्वतंत्र संचालक उरतील त्यांचा निर्णय शेवटचा. हे शेवटचं वाक्य मी एका भल्यामोठ्या कंपनीच्या नियमांतून जसंच्या तसं उचललं होतं. त्यांच्याकडे स्वतंत्र संचालकांची अख्खी रांग आहे. आमच्याकडे एक आहे, हे त्या वेळी माझ्या डोक्यातच आलं नाही. घरच्या तिघांनी न वाचता सह्या केल्या. डॉक्टरांनी दोनदा वाचून केली.

सभेपुढे विषय दोनच. दुसरा माझ्या खुर्चीचा. पहिला काकांच्या मशीनचा.

काका म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ. त्यांच्या अंगणातल्या शेडमध्ये कापूस पिंजायचं एक जुनं मशीन आहे, ते आम्ही विकत घेणार होतो. आता आमच्या गाद्या फोमच्या. कापूस आमच्या कारखान्यात औषधाला सापडायचा नाही! शिवाय ते धूड ठेवायचं कुठे, तर शिवणकाम करणाऱ्या बायका ज्या मोठ्या खिडकीपाशी बसतात तिथे. म्हणजे त्या बिचाऱ्या मागच्या पत्र्याच्या खोलीत जाणार आणि मशीन उजेडात बसणार. त्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. पण सासऱ्यांनी एकदा जेवताना काकांसमोर म्हटलं होतं की आम्हाला हे मशीन फार उपयोगी पडेल. मोठ्यांचा शब्द! तो कुणी मोडायचा? मीही सभेसाठी टिपण लिहिलं त्यात मशीनची भरपूर तारीफ केली. 'दणकट बांधणी', 'कंपनीच्या भवितव्याला हातभार' असं काय काय लिहिलं. खुर्ची मिळायच्या आधी सासऱ्यांना दुखवायला मला काय वेड लागलं होतं?

सभा सुरू झाली. मी पहिला विषय वाचला आणि नियमही वाचला, चांगला खणखणीत आवाजात.

सासरे उठले. विकणारा सख्खा भाऊ, तेव्हा आपण बाहेर, असं म्हणून त्यांनी चप्पल घातली. मला भरून आलं. काय तो आदर्श! मग सासूबाईंनी विचारलं की वहिनी हे नातं धरायचं का? मी म्हटलं, आई, नियम म्हणजे नियम. त्याही पाण्याची बाटली घेऊन निघाल्या. आमचे हे पुतणे, त्यामुळे "हं" म्हणून तेही गेले. खोलीत डॉक्टर आणि मी उरलो. मी पेन सरसावलं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले.

"आणि तुम्ही त्यांच्या कोण?" त्यांनी विचारलं.

"पुतण्याची बायको," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता उठले. दार त्यांनी आतून लावून घेतलं.

बाहेरच्या बोळात गिऱ्हाइकांसाठी एक बाक आहे. त्यावर आमचीच नमुन्याची गादी घातलेली. त्या बाकाच्या टोकाला कोण बसलं होतं सांगा? काका! मशीनचं काय ठरतंय ते ऐकायला सकाळपासून येऊन बसले होते. म्हणजे विकणारा आणि घेणारे एकमेकांच्या कानाला लागू नयेत म्हणून मी नियम केला, आणि त्याच नियमाने सगळ्यांना एका गादीवर दाटीवाटीने बसवलं. गादी इतकी मऊ की मधे खड्डा पडून सगळे एकमेकांवर कलंडले. सासरे काकांच्या खांद्यावर आणि हे माझ्या मांडीवर अशी परिस्थिती.

कुणी बोलेना. भीड म्हणतात ती हीच. सासरे छताकडे बघत होते, काका स्वतःच्या नखांकडे. एवढ्यात सासूबाई खोकल्या.

काकांनी मान वर केली. ते काही संचालक नव्हते, पण त्या घरातच वाढलेले.

"वहिनी, नको आहे का मशीन?"

सासूबाई म्हणाल्या की ठसका लागला, पाणी चुकून भलतीकडे गेलं. मग थोडं थांबून म्हणाल्या, "खरं सांगू का भावोजी, नकोच आहे." त्या शिवणाऱ्या बायकांचे चेहरे त्यांना बघवत नव्हते.

आणि मग काय, धरणाचं दार उघडलं! आमच्या ह्यांनी जन्मात पहिल्यांदा "हं" सोडून पूर्ण वाक्य उच्चारलं. ते म्हणाले की कापूसच नाही तर पिंजायचं काय, हे ते दोन महिने स्वतःला विचारत होते. सासरे लाल झाले. म्हणाले, मलाही नकोच होतं, पण हा म्हणाला मशीन नुसतं पडून आहे, तेव्हा याला बरं वाटावं म्हणून जेवताना बोलून गेलो, आणि मग तुम्ही सगळे गप्प, मला वाटलं तुम्हाला हवंय. मीही सांगून टाकलं की टिपणातली तारीफ पोटातून नव्हे, पेनातून आली होती.

सगळे काकांकडे बघायला लागले. माणूस दुखावला असणार. आणि काकांच्या डोळ्यांत पाणी! पण ते हसत होते.

"दादा, अरे माझं पहिलं मशीन ते," काका म्हणाले. "रोज सकाळी तेल घालतो त्याला. चहाही त्याच्याशेजारी बसून पितो. मला कुठे विकायचं होतं? तू मागितलंस म्हणून नाही म्हणवेना."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही! घेणाऱ्याला घ्यायचं नव्हतं, देणाऱ्याला द्यायचं नव्हतं आणि व्यवहार मात्र नियमाने चालला होता. आम्ही पाचही जण त्या खड्ड्यात पोट धरधरून हसलो. दोघे भाऊ तर एकमेकांना टाळ्या देत होते. इतक्या वर्षांत आमच्या कंपनीची एवढी चांगली सभा झाली नव्हती, आणि ती बोळात झाली.

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी काकांचा हात हातात घेऊन जोरात हलवला.

मशीन मंजूर झालं होतं.

डॉक्टरांचं काय चुकलं म्हणा! त्यांच्यापुढे माझं टिपण होतं. दणकट बांधणी, भवितव्याला हातभार. ते म्हणाले की इतकं मनापासून लिहिलेलं त्यांनी फार दिवसांत वाचलं नव्हतं. शिवाय बाहेर जाताना घरातल्या प्रत्येकाचा चेहरा इतका पडलेला होता की या लोकांचा या मशीनवर भारी जीव दिसतो, हे त्यांनी ताडलं. मुक्या जनावरांचे चेहरे वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. उत्साहाच्या भरात त्यांनी ट्रकवाल्याला फोनसुद्धा करून टाकला होता.

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, डॉक्टर, जरा गोंधळ झालाय, तेवढं नामंजूर करून टाका ना. त्यांनी मान हलवली. मी त्यांच्या मागे मागे खोलीत गेले, टेबलाला वळसा घालून समोर उभी राहिले, टिपणातला शब्दन् शब्द खोटा आहे असंही सांगितलं. हात जोडले. नियमाचा अर्थ थोडा सैल लावू या म्हटलं. डॉक्टर ढिम्म. उलट त्यांनी विचारलं की तुम्ही सगळे बाहेर विकणाऱ्याच्या शेजारी बसून हसत होता, ते काय होतं? टाळ्यांचा आवाज आतपर्यंत आला होता.

"सूनबाई, कुणी मागे लागलं तरी बधायचं नाही, हे मला कुणी सांगितलं होतं?" ते शांतपणे म्हणाले.

शेवटी काकाच दारात आले. म्हणाले, घेणारे तयार असतील हो, मी विकतच नाही. डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि सांगितलं की विकणाराच नाही म्हणाला तर विषयच उरला नाही. ट्रकवाल्याला परत फोन गेला. सुंठीवाचून खोकला गेला! सासऱ्यांनी शिवणाच्या खोलीत जाऊन बायकांना स्वतः सांगितलं आणि तिथून जो गलका उठला तो ऐकून मला वाटलं, आपण जिंकलो.

मग दुसरा विषय आला. माझी खुर्ची.

नियम पुन्हा वाचावा लागला. सासरे, सासूबाई, हे, सगळे हसत हसत बाहेर पडले. मी तर बाहेर जाणारच, विषयच मी. काकाही हौसेने आमच्यात येऊन बसले. आता काळजी कसली? सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. ह्यांनी नवी खुर्ची कुठल्या बाजूला ठेवायची हेही ठरवून टाकलं, खिडकीच्या अंगाला म्हणजे मला लिहायला उजेड येईल.

डॉक्टरांनी मला निर्णय लिहून घ्यायला आत बोलावलं. मी बसले आणि त्यांनी सांगितलेला शब्दन् शब्द लिहून घेतला. उमेदवार हुशार आहे. परंतु झालेला निर्णय फिरवण्यासाठी तिने स्वतंत्र संचालकाच्या मागे टेबलाभोवती फेऱ्या मारल्या. स्वतः केलेला नियम तीच सैल करायला निघाली. स्वतःला न पटणारी गोष्ट टिपणात पटवून लिहिली. सबब, सध्या नामंजूर. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे ते फार स्वच्छ वाचता येतं.

हॉटेलवाल्यांना तो कागद इतका आवडला म्हणून सांगू! घरच्या सुनेचीही भीड न ठेवणारी कंपनी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. मागणी वाढली. डॉक्टरांना त्यांनी आभाराचा फोन केला.

मी मात्र त्या दिवशी बोळात येऊन धपकन बाकावर बसले. रडू येत होतं आणि ते मी लपवलंही नाही. सासरे शेजारी येऊन बसले.

"अगं, आम्ही तिघेही तुझ्याच बाजूचे होतो," ते म्हणाले. "आत असतो तर एका दमात हो म्हटलं असतं. असं कर, पुढच्या सभेत तो नियमच रद्द करून टाकू."

मी डोळे पुसले. काही झालं तरी मी शिकलेली आहे, खोटं कसं सांगू?

"बाबा, नियम रद्द झाला तर फायदा माझा," मी म्हटलं. "म्हणजे तो विषय निघाला की तुम्हा सगळ्यांना बाहेर बसावं लागेल."