खिडकी नंबर चारची बरणी

हेमांगी तांबटने पॉप-पंक गाण्यांचा कव्हर बँड काढला, तेव्हा नियमाप्रमाणे तिला स्वतःचा आवाज करंजघाट नगरपरिषदेत जमा करावा लागला.

नियम जुनाच आहे आणि त्यात गैर काही नाही. ज्याला स्वतःची गाणी म्हणायची त्याला कोण अडवतंय? खुशाल म्हणा. पण दुसऱ्याची गाणी जशीच्या तशी म्हणायची, तर एका गळ्यात दोन आवाज राहत नाहीत. एकाला बाहेर थांबावं लागतं. त्यासाठी खिडकी नंबर चार आहे, पाणीपट्टी आणि जन्म-मृत्यूचे दाखले यांच्या मधोमध. तिथे गोसावीबाई बसतात.

बाईंनी चिनी मातीची एक बरणी पुढे सरकवली. घरी लोणच्याला असते तशीच, खाली पिवळी आणि वर पांढरी.

"यात बोला."

"काय बोलू?"

"घरी रोज बोलता ते बोला एखादं वाक्य. भाषण नको हं. मागे एकाने अख्खं भाषण ठोकलं, चार वर्षं कपाटात तेच चालू. जीव नकोसा केला मेल्याने."

हेमांगीने तोंड बरणीजवळ नेलं आणि म्हणाली, "नाना, चहा ठेवू का?"

बाईंनी पटकन झाकण लावलं, फडकं बांधलं, लाखेचा ठसा मारला आणि पावती फाडली. बरणी क्रमांक एकशे सतरा, मुदत तीन वर्षं. हेमांगीने "येते हं" म्हणायला तोंड उघडलं, तर नुसती हवा आली.

नवा आवाज तिसऱ्या दिवशी मंडईत आला. "मेथी कशी दिली?" असं तिने विचारलं, आणि ते निघालं एका परदेशी, एकोणीस वर्षांच्या, नाकात रडणाऱ्या पोराच्या आवाजात. मूळ गायक आता पन्नाशीला टेकलेला होता, पण गाणी ज्या वयातली, आवाज त्याच वयातला द्यायचा असा दंडक आहे. भाजीवालीने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. तिचा दीर ऑर्केस्ट्रात होता. "ताजी आहे, घेऊन जा," एवढंच ती म्हणाली.

बँडचं नाव एटीकेटी. गाणं आणि गिटार हेमांगीकडे. ड्रमवर फिरोज मुल्ला, जो आधी बँजो पार्टीत वाजवायचा आणि ज्याच्या हाताला मुळात धीर नव्हता. बेस गिटारवर डवरी, जो चार शब्दांत आठवडा काढायचा. वाजवणाऱ्यांना जमा करण्याचा नियम लागू नाही, फक्त गाणाऱ्याला लागू आहे. गाणी अडीच-तीन मिनिटांची, धावती, आणि सगळ्यांची तक्रार एकच: हे गाव सडकं आहे, मी उद्या निघून जाणार आहे, आणि बापाला माझं काही कळत नाही.

आता हेमांगीच्या बापाबद्दल सांगायला हवं.

नाना तांबट एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला लागलेला हेडफोन निवृत्तीनंतर निघाला, पण सवय निघाली नाही. माणूस ओळखायचा तो आवाजावरून. "तोंडाचं काय घेऊन बसलात, तोंड कुणाचंही असतं," असं ते म्हणायचे. मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड करून नवरीला पाढे म्हणायला लावले होते, आणि सतराच्या पाढ्याला होकार दिला होता. ती बाई, म्हणजे हेमांगीची आई, जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. घरात उरले नाना, हेमांगी आणि एक काळा फोन, ज्याची वायर कुठेच जात नव्हती.

तर त्या संध्याकाळी मंडईतून येऊन हेमांगीने विचारलं, "नाना, चहा ठेवू का?"

नाना खुर्चीतून उठले. शर्टाची बटणं लावली.

"आपण कोण? हेमा बाहेर गेलीय."

"नाना, मीच हेमा."

"राँग नंबर लागलाय तुम्हाला," नाना अगदी अदबीने म्हणाले.

तिने पावती दाखवली. नानांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली, ठसा बोटाने चाचपला. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेला माणूस, कागदाला नाही म्हणणार नाही. "कागद बरोबर आहे. म्हणजे हेमा तिकडे आहे, आणि तिची मुदत संपेपर्यंत तुम्ही इथे राहणार. राहा, राहा. घर तुमचंच समजा." आणि त्या दिवसापासून नाना आपल्या पोटच्या पोरीला अहो-जाहो करू लागले. पाणी स्वतः आणून द्यायचे, जेवताना "घ्या की अजून, लाजू नका" म्हणायचे. तिच्यासमोर बनियनवर बसायचे नाहीत. हेमांगीला पहिले आठ दिवस हसू आलं. नवव्या दिवशी ती न्हाणीघरात जाऊन रडली, आणि ते रडणंही त्या परक्या पोराच्या आवाजात आल्यामुळे तिला धड रडताही येईना.

बँड मात्र चालला. हां हां म्हणता चालला. आधी गणपती मंडळं, मग कॉलेजांची गॅदरिंग, मग एका ट्रॅक्टर शोरूमचं उद्घाटन. एकही इंग्रजी शब्द न कळणारी माणसं हात वर करकरून उड्या मारत. हेमांगीलाही तिथे खरंच सुख वाटायचं, खोटं कशाला बोला. त्या आवाजात उभं राहिलं की आपण सव्वीस वर्षांच्या, कॉम्प्युटर क्लास घेणाऱ्या बाई नसून आत्ता घरातून पळून आलेलं पोर आहोत असं वाटे.

आणि दर गुरुवारी नाना खिडकी नंबर चारवर जात.

जमा आवाजाशी नातेवाइकाने अधूनमधून बोलावं, नाही तर तो घट्ट होतो, हे पावतीच्या मागे छापलेलं आहे. बहुतेक लोक वाचत नाहीत. नाना वाचणारे होते. ते बाकावर बसून बरणी मांडीवर घेत, झाकणाला कान लावत. आतून यायचं, "नाना, चहा ठेवू का?" आणि नाना म्हणायचे, "ठेव गं."

सुरुवातीला तेवढंच. पण बोलत्याला बोलतं मिळालं की काय होतं? दुसऱ्या वर्षी बरणी "आज गुरुवार ना?" विचारू लागली. मग गोसावीबाईंच्या गुडघ्याची चौकशी करू लागली. मग एकदा ती नानांना म्हणाली, "मफलर घालून येत जा, तुमचा घसा बसलाय." नाना घरी आले ते खुलून. "हेमा बरी आहे," त्यांनी हेमांगीला सांगितलं. "तुमची आठवण काढत होती. पाहुण्यांना नीट जेवायला घालता ना, म्हणाली."

हेमांगीने घास तसाच गिळला.

मुदत संपायला पंधरा दिवस होते, तेव्हा पुण्याच्या मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं. फिरोज म्हणाला, "एक मुदत वाढव फक्त. नंतर काय करायचं ते कर." डवरी म्हणाला, "वाढव." हेमांगीने मुदतवाढीचा अर्ज घाईघाईत भरला. तीन वर्षांत कार्यक्रमाच्या परवान्याचे दीड-दोनशे अर्ज तिने भरले होते. त्या प्रत्येकात 'मूळ / नक्कल, लागू नसेल ते खोडा' अशी एक ओळ असे, आणि प्रत्येकात ती 'मूळ' खोडत असे. कव्हर बँडवाला दुसरं काय करणार? हाताला सवय लागली होती. मुदतवाढीच्या अर्जातही ती ओळ होती. तिथेही तिने 'मूळ' खोडलं, खाली सही केली आणि पुण्याची बस पकडली.

महोत्सव दणक्यात झाला. त्यानंतरचा कार्यक्रम करंजघाटातच, नगरपरिषदेच्या मागच्या मैदानावर, मंगळवारी भर दुपारी. तिसरं गाणं संपलं. टाळ्या विरल्या. फिरोज काठी बदलत होता, तेवढ्या शांततेत पलीकडच्या इमारतीच्या जाळीच्या खिडकीतून एक बाईचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"नाना, ते बाहेर गातंय कोण हो? किती रडतंय बिचारं."

हेमांगीचा हात तारांवरच राहिला. तो आवाज तिने तीन वर्षांत ऐकला नव्हता. तिचाच तो. किती साधा होता, जरा घोगरा, आणि काय हवाहवासा. पुढचं गाणं कुठून सुरू होतं हेच तिला आठवेना. डवरीने ते एकट्याने सुरू केलं आणि एकट्याने संपवलं.

त्या रात्री ती घरी गेलीच नाही. बुधवारी सकाळी कचेरी उघडली तेव्हा ती खिडकीसमोर उभी होती. "एकशे सतरा परत द्या. मुदतवाढ रद्द करा. मला नको आता हे गाणं."

गोसावीबाईंनी रजिस्टर काढलं, ओळीवर पट्टी ठेवली. "अहो, पण तुम्ही नक्कल आहात."

"काय?"

"हे बघा की. अर्जदार नक्कल. मूळ खोडलंय. सही तुमचीच ना?"

"चुकून खोडलं हो बाई, सवयीने!"

"सवयीनेच खोडतात सगळे. मूळचा आवाज नक्कलेला देता येत नाही. आणि मुदतवाढीचा अर्ज मूळ मालकाचा नसला, तर माल आम्ही तीन वर्षांवर ठेवत नाही. जवळच्या नातेवाइकाला कळवतो." बाईंनी पान उलटलं. "नाना काल घेऊन गेले. तिलाही विचारलं रीतसर, सज्ञान आहे ना ती. जाते म्हणाली."

"मग मी कोण?"

बाईंनी पट्टी बाजूला ठेवली. बाई तशा वाईट नव्हत्या. "तुमच्याकडे परवाना आहे ना," त्या म्हणाल्या. "मग झालं तर."

हेमांगी घरी आली ती जवळजवळ धावतच. बरणी टेबलावर होती, काळ्या फोनच्या शेजारी, खाली आईने विणलेला रुमाल. नाना बनियनवर, पाय वर घेऊन बसले होते. तिला बघताच त्यांनी पाय खाली घेतले आणि शर्ट ओढला.

"या, या. बसा. हेमा, पाहुण्या आल्या बघ."

"या ना," बरणी म्हणाली. "तुम्ही गाता ना? नाना सांगतात."

हेमांगी टेबलाजवळ गेली. "नाना," ती त्या रडक्या पोराच्या आवाजात म्हणाली, "बरणी उघडा. तुम्हीच उघडू शकता, ताबा तुमचा आहे. ती उघडली की आवाज माझ्याकडे येईल. मी तुमची हेमा आहे हो नाना. तुमच्या हाता-पाया पडते."

नानांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. कुणाचंही मधे तोडायचं नाही, हा एक्स्चेंजचा नियम.

"तुमचं दुःख कळतं मला," ते म्हणाले. "पण उघडली तर ती जाईल. मी ऐकलीत तुमची गाणी, मैदानाबाहेर उभं राहून. गाव सोडायचं, बापाला कळत नाही. जो गळा हे रोज गातो, त्यात तिला कशी सोडू? इथे ती कुठे जायचं म्हणत नाही." त्यांनी बरणीखालचा रुमाल सारखा केला. "हिची आई गेल्यापासून माझ्याकडे दुसरं आहे काय?"

हेमांगीने बरणीवर हात ठेवला. ती कोमट होती. फुटली तर आवाज कुणाचाच राहत नाही, हेही पावतीच्या मागे छापलेलं आहे, आणि आता तिने ते वाचलं होतं. बराच वेळ हात तसाच राहिला. मग तिने तो काढून घेतला.

घड्याळात साडेचार झाले.

"नाना, चहा ठेवू का?" बरणीने विचारलं.

"ठेव गं," नाना म्हणाले.

तीन वर्षांत हे दोन शब्द हेमांगीने ऐकले नव्हते. ती उठली, आत गेली आणि तिने चहा ठेवला.