अकरा पाकळ्यांचा ब्रोच

ऐका, यातला एक शब्द जरी खोटा निघाला तर मरेपर्यंत मला मीठ घातलेला पाव खावा लागो. आमचा पाव बिनमिठाचा, त्यामुळे फ्लोरेन्सच्या बाईला याहून मोठी शपथ नाही.

तर नातीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीतल्या नेल्लाला सफाईची हुक्की आली. घरात पणजीपासूनचा एक ब्रोच होता. काळ्या दगडात पांढऱ्या दगडाच्या पाकळ्या जडवून केलेलं डेझीचं फूल. त्या घरातली प्रत्येक नवरी चर्चला निघताना पाकळ्या मोजते. प्रेम आहे, नाही, आहे, नाही. पाकळ्या अकरा, म्हणजे शेवट ‘आहे’वरच. पणजोबासारख्या माणसाचंसुद्धा लग्न झालं ते त्यामुळेच.

नेल्लानं हा ब्रोच सोड्याच्या कढत पाण्यात टाकला. काढला तेव्हा पाकळ्या दहा. अकरावी मोरीतून गेली ती थेट आर्नो नदीला.

नात फियामेत्ता कशी, तर काळी मांजर आडवी गेली म्हणून परीक्षा न देता घरी परतलेली. ‘नाही’ आलं असतं तर तिनं तिथंच झगा उतरवला असता. आणि नवरा मुलगा लापो तर नेल्लाचा भारी लाडका. तिच्या हातचा घेवडा तो मागून मागून खायचा.

नेल्ला घरातल्या सपातांवरच धावली समोरच्या ओरेस्तेकडे. दगडांची फुलं करण्यातच त्याचा जन्म गेलेला.

“कढत पाण्यात?” ओरेस्तेनं कपाळाला हात लावला. “अगं, हे राळ-मेणावर बसवलेलं. कडक ऊन लागलं तरी सुटतं. डोकं कुठं ठेवलं होतंस?”

“माझं डोकं राहू दे. सकाळी देतोस का बोल.”

सकाळी पाहुणे जमले, नवरी नटली, तेव्हा कुठं ओरेस्तेची स्वारी आली. काम असं देखणं की सांधा दिसेना. नेल्लानं पाकळ्या मोजल्या. परत मोजल्या.

“बारा?”

“रुंद पाकळीला जुळता दगड मिळेना. दोन बारीक बसवल्या. शोभतात की नाही?”

“पोरगी घरी बसली की तुझ्या भिंतीवर शोभतील. एक काढ.”

“माझं काम मी माझ्या हातानं नाही मोडायचो.”

तेवढ्यात फियामेत्ता आलीच. “आज्जी, दे ना ब्रोच.”

नेल्लानं तिला खिडकीशी नेलं, ब्रोच छातीवर टाचला, अंगठ्यानं जरा पुसल्यासारखं केलं. बाहेर जूनचं रणरणतं ऊन. मेण पाघळलं आणि एक पाकळी अलगद नेल्लाच्या मुठीत आली.

“मोज, बाळ.”

“आहे, नाही, आहे...” पोरगी एकेक पाकळीवर बोट ठेवत गेली. “...नाही, आहे.”

सगळ्या घरानं टाळ्या वाजवल्या. ओरेस्तेचा चेहरा टोमॅटोसारखा लाल.

“माझी पाकळी दे,” तो पुटपुटला.

“रविवारी जेवायला ये, मग बघू.”

तेव्हापासून तो दर रविवारी येतो. पाकळी मात्र पुन्हा मागितलेली नाही.

बरं बाई, खाते खारट पाव, पण एकच घास. ऊन तेवढं माझ्या पदरचं. त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. नेल्लाच्या अंगठ्याचं नख मात्र चांगलं लांब होतं.