शेवटच्या पानाचं रडू

निर्माते प्रीतमशेठच्या तळवलीच्या ऑफिसात श्यामसुंदरच्या पटकथेचं वाचन होतं. ज्या कादंबरीवर त्याने पटकथा लिहिली, तिची जेमतेम तीस पानं त्याने वाचली होती. पुढचं सगळं मनचं.

कादंबरी भविष्यातल्या एका शहराची. तिथे रडायलाही सरकारी परवाना लागतो. बांधकामातून सिनेमात उतरलेल्या प्रीतमशेठचं मागणं साधं होतं. "पब्लिक हसली पायजे. पन घरी जाताना इचारात बी पडली पायजे."

ऐन वेळी लेखिकाच दारात उभ्या! सत्यभामाबाई, बेलापूरच्या कचेरीत तीस वर्षं अर्ज तपासून निवृत्त झालेल्या.

"पुस्तक पूर्ण वाचलंत ना?" त्यांनी सहज विचारलं.

"तीनदा, मॅडम! शेवटी तर ढसाढसा रडलो. बायको घाबरली."

"मंग शेवट सांग की," प्रीतमशेठ म्हणाले.

श्यामसुंदरने आपलाच शेवट ठोकून दिला. परवान्याच्या खिडकीसमोर नायक गाणं सुरू करतो आणि साहेबासकट अख्खी रांग नाचते.

"लय भारी! बाई, असाच हाय ना?"

बाईंनी पिशवीतून दुसरी प्रत काढली. "यांना दिलेल्या प्रतीत बाइंडरने घोळ घातलाय. चौसष्ट पानांनंतर पुन्हा पहिलीच चौसष्ट. काल कळलं, म्हणून चांगली प्रत घेऊन आले."

प्रीतमशेठनी श्यामसुंदरकडे बघितलं. "मंग तू रडलास कशाला?"

श्यामसुंदरने पटकथा मिटून ठेवली. "खोटं बोललो, शेठ. तीसच पानं वाचलीत."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुस्तक पुढे सरकवलं. "बसा. वाचा. आम्ही चहा घेतो."

दोघांच्या नजरेखाली तो शाळेतल्या पोरासारखा वाचत बसला. दुपार कलली. शेवटी खिडकीवरच्या कारकून बाईची आई जाते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शिक्के मारलेली ती बाई रडायच्या परवान्यासाठी स्वतःचा अर्ज भरते, आणि एका सहीसाठी तो परत येतो. श्यामसुंदरला मान वर करवेना.

"गाणं काढतो मी," तो पुटपुटला.

"कशाला? ऐकताना मला हसू आलं," बाई म्हणाल्या. "आधी तिचा अर्ज परत येऊ दे. मग नाचू दे रांग. लोक हसतील, पण हसताना अवघडतील."

"ह्येच तर पायजे व्हतं!" प्रीतमशेठनी मांडीवर थाप मारली. "पटकथेवर नाव कोनाचं टाकू?"

"बाईंचं," श्यामसुंदर म्हणाला. मग अगदी हळू, "खाली माझं... बारीक अक्षरात."