घुबडाचा उजवा डोळा

सकाळी साडेदहाच्या सुमाराला घुबडाने डोळेमास्तरांना डोळा मारला.

आता घुबड जिवंत असतं, तर एक वेळ चाललं असतं. पण हे घुबड मरून चाळीस वर्षं झाली होती. त्याच्या पोटात पेंढा होता, पायांत तारा होत्या, आणि ज्या डोळ्याने त्याने हा आगाऊपणा केला, तो डोळा काचेचा होता. शिवाय तो खुद्द मास्तरांनीच बसवला होता, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नव्हती.

संग्रहालयाच्या प्राणिदालनात पेंढा भरलेले शहाऐंशी पशुपक्षी होते. त्या सगळ्यांचे डोळे पुसणं आणि सैल झालेले पुन्हा बसवणं हे मास्तरांचं काम. म्हणून ते डोळेमास्तर. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. पुसायची रीत ठरलेली होती. डोळ्यावर तोंडाने ‘हा’ करून वाफ सोडायची आणि मऊ कातड्याच्या फडक्याने गोल गोल घासायचं. अकरा वर्षं हेच केल्याने त्यांचा हात असा बसला होता, की घरी समोर चमचा आला तरी ते आधी ‘हा’ करायचे.

नेमकी आज दुपारी तीनला त्यांची परीक्षा होती. जुने दालनप्रमुख निवृत्त झाले होते आणि दालनाच्या किल्ल्या कोणाच्या हातात द्यायच्या, हे मॅडम ठरवणार होत्या. संग्रहालय सगळं त्यांच्या हुकमावर चालायचं. मॅडमची अट एकच होती: माणूस चष्मेवाला नको. जुन्या प्रमुखांचा चष्मा वाकताना निसटून बगळ्याची चोच मोडली होती, आणि ती चोच मॅडम विसरायला तयार नव्हत्या. मास्तरांना तर त्या किल्ल्यांचा ध्यास लागला होता. अकरा वर्षं रोज सकाळी दुसरं कोणीतरी येऊन दार उघडेपर्यंत ते पायरीवर उभे राहत आले होते. आपल्या हाताने ते दार एकदा तरी उघडावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि दोन वर्षांपूर्वी त्यांना चष्मा लागला होता.

चष्मा त्यांनी घराबाहेर कधी लावलाच नाही. गेल्या महिन्यात मात्र अंदाजाने भागेनासं झालं, तेव्हा त्यांनी गुपचूप लेन्स करून घेतल्या. पहिले काही दिवस छान गेले. मग उजव्या डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. कधी आग व्हायची, कधी उगाच पाणी यायचं. होईल सवय, म्हणून ते गप्प बसले.

तर घुबडाने डोळा मारला. ते जागीच थबकले. दालनात चिटपाखरू नव्हतं, म्हणजे होती ती सगळी कपाटात. छताच्या काचेतून फिकट उजेड उतरत होता. डावीकडे अस्वलाच्या तोंडावर धुकं चढल्यासारखं झालं आणि विरलं. लांडग्याची बुबुळं हळूच त्यांच्याकडे सरकली. मग घुबडाने सावकाश, अगदी ओळख असल्यासारखा, पुन्हा तोच डोळा मिचकावला.

“हे बघ,” मास्तर हात जोडून पुटपुटले, “तुझं काय असेल ते उद्या. आजच्या दिवस मला सांभाळून घे रे बाबा!”

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. झाडलोट करणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या आणि त्यांचा झाडू जमिनीवर होता.

“मास्तर, कोणाशी बोलताय?”

“कोणाशी नाही. घुबडाशी.”

मावशींनी घुबडाकडे पाहिलं, मास्तरांच्या लालभडक डोळ्याकडे पाहिलं, आणि झाडू न उचलताच मागच्या पावली निघून गेल्या.

मास्तरांनी बायकोला फोन लावला. ती शाळेत गणित शिकवायची आणि अर्धवट माहितीवर बोलत नसे.

“अगं, घुबडानं मला डोळा मारला.”

“किती वेळा?”

“दोनदा.”

“दोन्ही वेळा एकाच डोळ्यानं?”

“हो, उजव्या.”

“त्याच्या उजव्या की तुमच्या?”

हा मुद्दा मास्तरांच्या ध्यानातच आला नव्हता. त्यांनी आपला उजवा डोळा झाकला. घुबड सभ्य माणसासारखं समोर बघत राहिलं. उजवा उघडला, डावा झाकला. घुबडाने लगेच डोळा मिचकावला.

“अहो, ती लेन्स आहे तुमची! डॉक्टरांना फोन करा. दुसरी नवी जोडी घरात आहे, ती मी दोन वाजेपर्यंत आणून देते. आणि तोवर कोणाशी बोलू नका. घुबडाशीसुद्धा.”

डोळ्यांचे डॉक्टर घाईत होते.

“लेन्स लावण्याआधी हात धुता का?”

“धुतो की. काम झाल्यावर. कातड्याला कसर लागू नये म्हणून इथे विषारी पावडर असते ना सगळीकडे.”

“काम झाल्यावर नाही हो, लेन्सला हात लावण्याआधी! बरं, झोपताना काढता?”

“आठवण राहिली तर.”

“आणि साफ कशानं करता? बाटलीतलं औषध दिलं होतं ते?”

“ते पुरवून वापरतो. एरवी आपलं नेहमीचं. तोंडाची वाफ आणि फडकं.”

डॉक्टरांची घाई एकदम संपली.

“कसलं फडकं?”

“कातड्याचं. स्वच्छ असतं.”

“अहो, तो जिवंत माणसाचा डोळा आहे! थर चढला असणार लेन्सवर, कोरडी पडली असणार. पापणी हलली की तीही हलते, म्हणून समोरचं हलल्यासारखं दिसतं. काम करताना पापण्या तरी मिटता का अधूनमधून?”

“आमच्याकडे कोणी मिटत नाही,” मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले.

“आत्ताच्या आत्ता हात धुऊन ती काढा आणि फेकून द्या. आज चष्म्यावर राहा, आणि संध्याकाळी डोळा दाखवायला या.”

चष्म्यावर राहणं तर शक्यच नव्हतं. पण मास्तरांच्या जिवात जीव आला. भूत नाही, लेन्स आहे! लेन्स काढायची, दोन वाजता नवी लावायची, तीनला किल्ल्या घ्यायच्या आणि मग डॉक्टरकडे जायचं. ते हात धुवायला वळले, तर समोर मॅडम. हातात टॉर्च आणि चेहरा पांढराफटक.

“मावशी म्हणाल्या, तुम्ही घुबडाशी बोलत होतात.”

“तसं काही नाही मॅडम...”

“तीनची तपासणी आत्ताच घेते. चला.”

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. उजव्या डोळ्यातून मात्र धार लागली होती. मॅडम पुढे, ते मागे. अस्वल झालं, लांडगा झाला. मॅडम काही विचारतच नव्हत्या. नुसत्या प्रत्येक प्राण्याच्या तोंडावर उजेड टाकायच्या आणि मग मास्तरांच्या तोंडाकडे बघायच्या. घुबडाच्या कपाटापुढून तर त्या जवळजवळ पळतच गेल्या. दालनात त्यांच्या चपलांचा आवाज तेवढा घुमत होता.

शेवटी उघड्या चौथऱ्यावरचं पाणमांजर आलं.

“जवळून बघा,” मॅडम कुजबुजल्या. “काही वेगळं दिसतंय का?”

मास्तर वाकले. डोळ्याची आग आता टाळूपर्यंत पोचली होती. त्यांनी पापणी घट्ट मिटली, उघडली, पुन्हा मिटली, आणि काहीतरी टचकन सुटलं. आहाहा! इतके दिवस डोळ्यात रुतलेला काटा कोणीतरी उपसून काढावा, तसं त्यांना वाटलं. सुखाने त्यांचे डोळे आपोआप मिटले.

“मास्तर,” मॅडमचा आवाज अगदी बारीक झाला होता. “हे रडतंय.”

मास्तरांनी पाहिलं. पाणमांजराच्या काचेच्या डोळ्यावर एक ओला, चमकता थेंब बसला होता. मॅडमच्या टॉर्चच्या उजेडात तो थरथरला आणि मग हळूहळू गालावर ओघळू लागला. मॅडमनी मास्तरांची बाही घट्ट धरली.

आता गप्प राहिलं असतं, तर तपासणी तिथेच संपली असती आणि चष्म्याचं कोणाला कळलंही नसतं. मास्तरांना ते कळत होतं. पण मॅडम लहान मुलीसारख्या कापत होत्या, आणि ते काही त्यांना बघवेना. किल्ल्या गेल्या तर गेल्या, म्हणून त्यांनी बोटाने तो थेंब उचलला आणि पुढे धरला.

“मॅडम, हे माझं आहे. लेन्स आहे. मला चष्मा आहे, दोन वर्षं लपवला. लेन्स खराब झाली होती, त्यामुळे मला सगळे प्राणी डोळे मिचकावताना दिसत होते. घुबड तर फारच. डॉक्टर म्हणाले, लेन्समुळे तसं होतं.”

मॅडम त्या लेन्सकडे बघत राहिल्या.

“म्हणजे घुबड तुम्हालाही...”

“हो. उजवा डोळा.”

“उजवाच,” मॅडम म्हणाल्या. “गेले तीन आठवडे. मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. म्हणून तर ही तपासणी ठेवली, दुसऱ्या कोणाला दिसतं का ते बघायला.”

“अहो, मग सोपं आहे!” मास्तरांना हायसं वाटलं. “लेन्स बदला. हात आधी धुवायचे, औषध रोज ताजं घालायचं, आणि पापण्या...”

“मास्तर,” मॅडम म्हणाल्या, “मी लेन्स लावत नाही.”

दालनात कुठेतरी लाकूड करकरलं.

मॅडमनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवला.

“अभिनंदन. तुम्ही पास झालात.”

“पण मला चष्मा...”

“दोन लावा हवं तर! सोमवारपासून माझी बदली आहे, मीच मागून घेतलीय. आज दालन बंद ठेवा आणि कुलूप नीट लावा.” एवढं बोलून मॅडम गेल्या; जाताना त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मास्तर जुडगा हातात धरून उभे राहिले. अकरा वर्षं जिच्यासाठी झुरलो, ती वस्तू इतकी जड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. दार दालनाच्या त्या टोकाला होतं आणि मधे दोन्ही बाजूंना कपाटं. ते दालनाच्या कोपऱ्यातल्या मोरीपाशी गेले, साबण लावून हात स्वच्छ धुतले, आणि डाव्या डोळ्यातली लेन्सही काढली. सगळं दालन विरघळून एक तपकिरी धूसर पट्टा झालं. त्यात कोणालाच डोळे उरले नाहीत. मग भिंतीला हात लावत, वाटेत कोणाचा धक्का लागलाच तर सवयीने ‘सॉरी’ म्हणत, नवे दालनप्रमुख चाचपडत दारापर्यंत पोचले आणि त्यांनी बाहेरून कुलूप लावलं.